धाकटीचं माप

थोरली जाऊ शिवणकाम करायची. घराच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत तिचं मशीन होतं, कापड बेतायचं लांब टेबल होतं, इस्त्रीची फळी होती आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला टेकवलेला एक उभा आरसा. दारावर पाटी नव्हती. कधी लागलीच नाही. हॉटेलांचे गणवेश, दवाखान्यांतले पांढरे कोट, शाळेच्या पँटी असं सगळं तिच्याकडे यायचं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप हातात घ्यायच्या आधीच तिला त्याच्या कमरेचा अंदाज यायचा आणि तो सहसा चुकायचा नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मुलं शिकायला बाहेर होती. सासूबाईंची खुर्ची थोरलीच्या मशीनशेजारी असायची. काज करून झालेले शर्ट त्या मांडीवर घ्यायच्या आणि बटणं लावायच्या. बोलायच्या फारसं नाहीत, पण सुईत दोरा ओवता आला नाही की सुई नि दोरा गुपचूप थोरलीपुढे धरायच्या. थोरली मशीन न थांबवता एका हातानं दोरा ओवून द्यायची. अशी बरीच वर्षं गेली.

वरच्या मजल्यावर धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. धाकटी एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात उभी असायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं वजन वाढत गेलं होतं आणि थोरलीला त्याचं मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. दोघी जावा जाड म्हणजे बरोबरी. कुणी कुणाकडे बोट दाखवायचं कारण नाही.

मग वर ट्रेडमिल आली.

हॉटेलात कुणीतरी धाकटीला बोललं होतं, "जाकिटाचं बटण पाहुण्याच्या डोळ्यात जाईल एखाद दिवशी." त्याच आठवड्यात चार माणसांनी जिन्यातून ते धूड वर चढवलं आणि नेमकं थोरलीच्या शिवणखोलीच्या डोक्यावर ठेवलं. संध्याकाळी धाकटी कामावरून आली की सुरू. धप, धप, धप. टेबलावरचा दिवा थरथरायचा. एकदा तर छताचा चुना एका डॉक्टरच्या कोटावर पडला; पांढऱ्यावर पांढरा, म्हणून निभावलं.

आवाजाचा त्रास थोरलीनं सोसला असता. पण सासूबाई वर जायला लागल्या. "जरा बघून येते ती कशी पळते," असं पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि मग रोजच. वर त्यांना वेगळी खुर्ची मिळाली. खाली येऊन सांगायच्या, "घामानं निथळते गं बाई, पण थांबत नाही. जिद्द म्हणजे जिद्द!" बटणं तशीच वाटीत पडून राहायची.

नवराही एकदा जेवताना बोलून गेला, "धाकटी बघ कशी सडसडीत व्हायला लागलीये. तू जिना चढलीस तरी तुला धाप लागते. शीक जरा तिच्याकडून."

"मी दिवसभर बसून मरमर काम करते ते दिसत नाही वाटतं?"

"तेच म्हणतोय. बसून."

थोरलीनं पुढचा घास घेतला नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. माणूस खरं बोलला होता.

थोड्याच दिवसांत धाकटी गणवेशाच्या दोन पँटी घेऊन खाली आली. चेहरा असा फुललेला. "ताई, कमरेत ढगळ व्हायला लागल्यात. जरा आत घ्याल का?"

थोरलीनं टेप टाकला. खरंच उतरली होती. ज्या बाईचं माप ती वर्षानुवर्षं वाढवत आली होती, ते आता तिनं स्वतःच्या हातानं कमी करायचं! आणि वर ती आरशात वळून वळून बघत विचारते, "दिसतंय ना हो ताई? खरं सांगा."

"दिसतंय," थोरली म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या हे बरं झालं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं पँट उलटी केली, जुनी शिलाई उसवली, खडूनं खूण केली. मग त्या खुणेकडे बघत बसली. हात पुढे गेला आणि खूण बोटभर आत सरकली. मुद्दाम केलं का? त्या क्षणी तिनं स्वतःला विचारलंच नाही. शिलाई मारली, घडी केली, इस्त्री फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी जिन्यात उभी. पँट हातात. "ताई, बटणच लागत नाहीये हो."

"माप तर तुझ्यासमोर घेतलं."

"तेच म्हणते. मग मी परत सुटले की काय? वजनाचा काटा तर कमी दाखवतोय."

"काट्याचं काय खरं? त्याची स्प्रिंग सैल पडते. कापड खोटं बोलत नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला त्या दिवशी दुपारचं जेवण गोड लागलं.

नंतर तिनं तेच जाकिटाबाबत केलं. मग आणखी एका पँटीबाबत. दरवेळी थोडंसंच, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढं. धाकटीचा काट्यावरचा विश्वास उडाला आणि सगळा जीव बटणावर आला. आता ती सकाळीही पळायला लागली. डोक्यावरची धप धप दुप्पट झाली, पण थोरलीला आता ती पूर्वीसारखी खुपत नव्हती. पळ, ती मनात म्हणायची, पळ, किती पळतेस ते बघू.

एवढ्यावर समाधान व्हायला हवं होतं. पण मत्सराचं पोट भरत नाही. सासूबाई अजून वरच बसायच्या. तेव्हा थोरलीनं ठरवलं, आपणही मशीन घ्यायचं, आणि वरच्यापेक्षा भारी.

नवऱ्याला आनंद झाला. दोघं व्यायामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेली. तिथे एक पन्नाशीची विक्रेती होती. केस पिकलेले, आवाज मऊ, पायात बूट. तिनं आधी यंत्रं दाखवलीच नाहीत. थोरलीला बसवलं आणि विचारलं, "दिवसभर काय काम करता? गुडघे दुखतात? पाठ? जिना चढताना पहिल्यांदा काय थकतं, पाय की श्वास?"

"श्वास. आणि पाठ धरते. शिवणकाम आहे."

"मग तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे ट्रेडमिल. पळायचं नाही, नुसतं चालायचं. रोज चालाल तर श्वास हळूहळू सुधारेल. चालायला काही शिकावं लागत नाही, म्हणून माणूस ते सोडत नाही."

"ट्रेडमिल नको," थोरली पटकन म्हणाली.

"का?"

"घरात आहे एक."

विक्रेती गोंधळली. नवरा खाली वाकून एका यंत्राची मोटर बघत होता, तो तिथूनच म्हणाला, "भावाकडे आहे. ती चालत नाही."

"बिघडलीये?"

"नाही, आम्हाला चालत नाही."

विक्रेती हसली आणि त्यांना सायकलीकडे घेऊन गेली. पाठीला टेकू असलेली, बसून चालवायची. गुडघ्यांना सोपी, आवाज नाही, चालवता चालवता वाचता येतं. थोरली बसली, पाय फिरवले आणि उतरली. "अर्धा जन्म बसून पाय हलवण्यात गेला. व्यायामही बसूनच करू?" मग वल्हवायचं यंत्र आलं, जमिनीलगत लांबलचक, होडीशिवायची वल्ही. त्यात अख्खं अंग कामाला लागतं, विक्रेती म्हणाली, पण पाठ वाकवण्याची पद्धत नीट शिकावी लागेल. थोरली खाली बसली खरी, पण उठताना नवऱ्याला हात द्यावा लागला. दुकानातल्या एका तरुणीनं तोंड फिरवलं. ते यंत्र तिथेच बाद झालं.

आणि मग तिला कोपऱ्यातलं ते दिसलं. उंच, काळं, दोन्ही बाजूंना लांब दांडे, खाली पायांसाठी रुंद पाट.

"हे काय?"

"इलिप्टिकल. यावर पाऊल पाटावरून उचलायचंच नाही. हवेत चालल्यासारखं. हातही चालतात. सांध्यांना धक्का बसत नाही, धप धप नाही. पण सुरुवातीला दम फार काढतं, बाई. लय सापडायला वेळ लागतो. दहा मिनिटं इथेच करून बघा, मग ठरवा."

थोरली चढली. दोन मिनिटांत मांड्या पेटल्या. तिनं श्वास कोंडून चेहरा सरळ ठेवला आणि वरूनच विचारलं, "ट्रेडमिलपेक्षा उंच आहे ना हे?"

"उंची बघून कुणी घेत नाही," विक्रेती म्हणाली. "सायकलवर परत एकदा बसता का? की चालून बघता?"

"हेच द्या."

नवरा काहीतरी बोलणार होता. बायकोचं तोंड बघून त्यानं पाकीट काढलं.

इलिप्टिकल आरशाशेजारी उभं राहिलं. रस्त्यावरून दिसायचं. गिऱ्हाइकं माप देताना विचारायची, "हे काय आहे?" आणि थोरली सांगायची, "ट्रेडमिलच्या पुढचं आहे." धाकटीनं येऊन पाहिलं, हात फिरवला, मनापासून म्हणाली, "छान घेतलंत हो ताई." थोरलीला ते 'छान' नको होतं. तिला त्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी बघायचं होतं, ते आलंच नाही.

आणि यंत्र तर तिला दाद देईना. पाय पुढे ढकलायला जावं तर ते मागे फिरायचं. लय लागते न लागते तोच पिंडऱ्यांत गोळे. सासूबाई जिन्यावरून उतरताना दिसल्या की ती घाईनं चढून चार फेऱ्या मारायची. त्या आत गेल्या की उतरून टेबलाला धरून धापा टाकायची. रोज न चुकता तिनं एकच केलं, ते यंत्र फडक्यानं पुसलं. त्यावर धूळ बसलेली वरच्यांना दिसता कामा नये.

एका सकाळी डोक्यावरची धप धप मध्येच थांबली. ठराविक लयीत चालणारा आवाज असा तुटला की थोरलीचं पाऊल शिलाई मशीनवरून आपसूक उचललं गेलं. मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि त्यामागून पट्ट्याची नुसती घरघर.

ती जिना चढून गेली. धाप लागली की नाही हे तिला नंतरही आठवलं नाही. धाकटी जमिनीवर बसली होती, डाव्या नडगीला दोन्ही हातांनी धरून. शेजारी पट्टा रिकामाच पळत होता. थोरलीनं लाल दोरीची चावी ओढली. यंत्र थांबलं.

"कधीपासून दुखत होतं?"

"बरेच दिवस," धाकटी दात आवळून म्हणाली. "मला वाटलं, होईल बरं."

दवाखान्यात डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला. नडगीच्या हाडाला बारीकशी चीर होती. पडल्यामुळे नव्हे, तर पळण्यामुळे. हाडाला विश्रांतीच दिली नव्हती. "एवढं कशाला पळत होतात?" त्यानं विचारलं. "वजन तर तुमचं व्यवस्थित आहे."

"कपडे बसत नव्हते," धाकटी म्हणाली. "कितीही पळाले तरी कपडेच बसत नव्हते."

थोरली दाराशी उभी होती. तिच्या हातात धाकटीचे बूट होते. तिनं ते खाली ठेवले आणि परत उचलले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. डॉक्टर आता आपल्याकडे बघतील, असं तिला उगाचच वाटलं. डॉक्टर कागदावर औषध लिहीत होता.

घर शांत झालं. छत हलेना, दिवा थरथरेना. इतके दिवस तिला हेच हवं होतं, पण आता शिवताना शिलाई वाकडी जायला लागली. बसत नाहीत म्हणून धाकटीनं परत आणून टाकलेले गणवेश तिच्याकडेच पडले होते. एका दुपारी तिनं ते सगळे काढले. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. ती तिनं कापली नव्हती, जशीच्या तशी आत होती. तिनं एकेक पँट उसवली, खऱ्या मापावर शिलाई मारली, जाकीट सैल केलं आणि घड्या करून वर नेले.

धाकटी पलंगावर पाय लांब करून बसली होती. "घालून बघ," थोरली म्हणाली. धाकटीनं भिंतीला धरून पँट चढवली. बटण सहज लागलं. वर दोन बोटं जागा उरली.

"हे कसं काय?" ती हसायलाच लागली. "पडून राहून उतरले की काय मी?"

उत्तर तयार होतं. 'आजारपणात उतरलीस' एवढं म्हटलं की संपलं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. थोरलीनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"कपडे मी घट्ट केले होते."

"म्हणजे?"

"माप बरोबर घेत होते. शिलाई आत मारत होते. मुद्दाम."

धाकटीला समजायला वेळ लागला. "किती वेळा?"

"प्रत्येक वेळी."

"का?"

सासूबाईंची खुर्ची, नवऱ्याचं बोलणं, आरशात वळून बघणं. मनात एवढं मोठं असलेलं सगळं ओठांवर येईपर्यंत अगदी फालतू होऊन जात होतं. "तुझं बघवत नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"मी रोज आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाय ठणकत असताना पळत होते. आणि तुम्ही खाली बसून ऐकत होतात." तिनं पँट उतरवून पलंगावर टाकली. "तुम्ही जा खाली, ताई."

थोरली वाट बघत राहिली. आज नवरा बोलेल, उद्या दीर येऊन दारात उभा राहील, सासूबाई तोंड फिरवतील. कुणीच काही बोललं नाही. धाकटीनं अवाक्षर काढलं नव्हतं. तेही थोरलीला झोंबलं. आपल्या हातून हे झालं नसतं, तिच्या जागी आपण असतो तर सगळ्या घराला ओरडून सांगितलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे इथेही धाकटी वरचढ!

"तुमचं काय बिनसलंय गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? दोघींची तोंडं दोन दिशांना."

हाड सांधलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, पळणं बरेच महिने बंद. व्यायाम हवाच असेल तर सायकल करा नाहीतर इलिप्टिकल. पायाला हादरा बसेल असं काही नको. दीर म्हणाला, नवीन सायकल आणू. सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक धूड कशाला? खाली एक उभंच आहे. तिला काही जमत नाही ते." सासूबाईंना सगळं दिसत होतं तर.

धाकटी नको म्हणाली. पण एका दुपारी ती खाली आली, थोरलीकडे न बघता यंत्रावर चढली आणि दांडे धरले. दोन-चार वेळा अडखळली. मग लय लागली. काही आवाज नाही, नुसती तेलातून गेल्यासारखी सरकणारी पावलं. थोरली कॉलर शिवत होती. जे यंत्र तिच्याशी इतके दिवस भांडत होतं, ते या बाईपुढे पहिल्याच दिवशी गोगलगाय झालं होतं. त्या पावलांवरून नजर हलेना आणि सुई बोटात गेली.

सासूबाई परत खालच्या आपल्या खुर्चीत आल्या. मशीनशेजारी बसून बटणं लावायला लागल्या. मात्र नजर सगळी इलिप्टिकलवर. "कशी जाते बघ," त्या म्हणाल्या आणि सुई-दोरा थोरलीपुढे धरला. थोरलीनं दोरा ओवला.

असे बरेच दिवस गेल्यावर धाकटी एकदा टॉवेलनं मान पुसत दारात थांबली. लाल दोरीची चावी तिनं टेबलावर ठेवली. "वरचं नुसतंच पडून आहे. चालून बघा. पळू नका."

एवढंच बोलून ती गेली. थोरली दुसऱ्या दिवशी वर गेली. पट्टा सगळ्यात कमी वेगावर ठेवला आणि कठडा धरून चालायला लागली. समोरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि पाण्याची टाकी दिसत होती, बाकी काही नाही. या भिंतीकडे बघत धाकटी रोज दोनदा पळायची! थोरली चालत राहिली. चालायला शिकावं लागत नाही, हे त्या विक्रेतीचं बोलणं खरं निघालं. महिन्याभरात ती जिना न थांबता चढायला लागली. कंबर फारशी उतरली नाही, पण श्वास मोकळा झाला.

धाकटी कामावर रुजू झाली तेव्हा तिच्या अंगात नवा गणवेश होता. थोरलीनं खिडकीतून पाहिला आणि तिच्या हातातली कात्री थांबली. बाहीची दुमड वाकडी होती. खांद्याला झोळ. संध्याकाळी तिला राहवलं नाही.

"कुणी शिवला हा?"

"चौकातल्या टेलरनं."

"बाही बघितलीस का?"

"बघितली. पण माप बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

त्या चौकातल्या टेलरला थोरलीनं कधी पाहिलंही नव्हतं, पण कित्येक दिवस ती त्याच्यावर मनातल्या मनात जळत राहिली. त्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून ती भाजीला लांबच्या रस्त्यानं जायची.

हॉटेलनं गणवेशाचा रंग बदलला तेव्हा धाकटी कापड घेऊन खाली आली. टेबलावर ठेवलं, आरशासमोर उभी राहिली, हात बाजूला केले.

"घ्या माप," ती म्हणाली. "पण मोठ्यानं वाचा. आणि लिहिताना मला दाखवा."

थोरलीनं टेप टाकला. कंबर पूर्वीपेक्षा कमी होती, तिच्या स्वतःच्या कमरेपेक्षा तर पुष्कळच. आत काहीतरी टोचलंच. ते काही गेलं नव्हतं, जाणारही नव्हतं. तिनं आकडा मोठ्यानं वाचला. बरोबर वाचला.

"दोघींचे कान शाबूत आहेत ना?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ओरडताय कशाला?"

"लिहा," धाकटी म्हणाली. थोरलीनं लिहिलं आणि कागद तिच्याकडे वळवला.